टोपड्याचं माप

माझ्या हातच्या जेवणाला आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही. गावात कोणाचं लग्न असो की कोणाच्या मरणानंतरचं जेवण, चुलीवरून भाताचं मोठं गंज उतरवायला कमलाबाईलाच हाक येते. आणि वाढताना मी कधी मोजत नाही. जेवणाऱ्यानं किती खाल्लं ते वाढणाऱ्यानं लक्षात ठेवू नये, पोटाला माप लावलं की घरातली बरकत जाते, असं माझी आई सांगायची. म्हणून माझ्या सुनेनं, रंजीतानं, सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आणून माझ्या चुलीशेजारी मांडला आणि त्यावर स्वतःचा भात तोलायला लागली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. तरी मी काट्याला हात लावला नाही. काटा नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलेला होता आणि रंजीता पोटुशी होती.

आधी कुलूचं सांगते, म्हणजे बाकीचं कळेल. कुलदीप माझा नातू. तो पोटात असताना मी त्याच्यासाठी माझ्या जुन्या मऊ लुगड्याचं टोपडं शिवून ठेवलं होतं. बाळ हातात येण्याआधी काही शिवू नये, असं शेजारणी म्हणाल्या. मी म्हटलं, आम्ही बौद्ध माणसं, शकुन-अपशकुन आमच्या सासऱ्यांनी छप्पन सालीच सोडले. बाळ झालं, टोपडं घातलं, तर ते थेट नाकावर उतरलं. सगळ्या हसल्या. मीही हसले. भरेल डोकं, म्हटलं, पोरांची डोकी भरायला किती वेळ लागतो. ते टोपडं त्याला दीड वर्षाचा होईपर्यंत पुरलं.

आता कुलू सहा वर्षांचा आहे. चालायला लागला तो चौथ्या वर्षी. बोलत अजून नाही. अधूनमधून फिट येते. हसतो मात्र इतकं गोड की शिव्या देणाऱ्याच्याही शिव्या जागीच राहतात. त्याला घेऊन आम्ही गोंडपिपरी केली, चंद्रपूर केलं, नागपूर केलं. सगळ्यांनी त्याचंच रक्त तपासलं आणि त्याच्या रक्तात कोणाला काही सापडलं नाही. शेवटी नागपूरच्या एका तरुण डॉक्टरनं रंजीताकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, याचं राहू द्या, याच्या आईचं रक्त घ्या.

तिथं सापडलं. फेनिलकीटोन्युरिया. एवढं नाव माझ्या तोंडात मावत नाही. गावातल्या लोकांनी तर त्याचा ‘फिनाईलचा आजार’ करून टाकला. दवाखान्यात आहाराचं बघणाऱ्या दीपिका मॅडमनी मला समोर बसवून समजावलं. डाळ, दूध, अंडी, मटण, मासळी, शेंगदाणे, सगळ्यांत जे प्रोटीन असतं त्यातला एक घटक रंजीताच्या अंगात मोडत नाही, रक्तात साचत राहतो. तिचा आजार हलका होता, म्हणून ती स्वतः शिकली, बारावी झाली, कोणाला कळलंही नाही. पण पोटात बाळ असलं की ते साचलेलं सगळं वारेतून बाळाकडे जातं आणि त्याचा मेंदू वाढू देत नाही.

मी विचारलं, "म्हणजे अंडं खाल्ल्यानं झालं?"

मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला. तेवढ्यात मला कळलं.

कारण अंडी मीच चारली होती. रंजीता लग्न होऊन आली तेव्हापासून डाळीला नाक मुरडायची, दुधाचा पेला पाहून उठून जायची. माहेरीही तसंच होतं म्हणे. तिच्या जिभेला ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. मी म्हटलं, हे माहेरचे नखरे, पोटातल्या बाळावर चालायचे नाहीत. अंगणवाडीतलं अंडं वेगळं आणि माझ्या कोंबडीचं वेगळं, हनुवटी धरून भरवत होते तिला. ती डोळे मिटून गिळायची. मी काही वाईट केलं असं मला म्हणायचं नाही. डॉक्टरांना कळलं नाही ते मला कुठून कळणार? पण कुलूला फिट आली की माझं लक्ष माझ्या हातांकडे जातं. मग मी उगाच कोणावर तरी खेकसते.

कुलूनंतर एक बाळ पोटातच, तिसऱ्या महिन्यात गेलं. आजार कळल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढचं मूल हवं असेल तर आधी सांगा, काही महिने रक्तातला आकडा खाली आणू, मगच. पण पोर काय तारीख घेऊन येतं? रंजीताला कळलं तेव्हा दुसरा महिना लागलेला होता. माझा मुलगा प्रफुल्ल राइस मिलमधून धावत घरी आला. आनंदानं नाही, भीतीनं. असा दिवस कोणाच्या घरी येऊ नये, की सून पोटुशी असल्याचं कळावं आणि घरातली सगळी माणसं एकमेकांपासून तोंड लपवत बसावी.

दीपिका मॅडम फोनवर म्हणाल्या, "आजपासून. आत्तापासून."

मग सुरू झालं. सकाळी पाण्यात विरघळणारी गोळी. ती कोणाला लागू पडते, कोणाला नाही. रंजीताला अर्धीमुर्धी पडली, म्हणून डॉक्टरांनी विचार करून चालू ठेवली. दिवसातून काही वेळा डब्यातली पावडर, जिच्यात तो एक घटक सोडून बाकीचं सगळं प्रोटीन होतं. तिचा वास सडक्या बटाट्यासारखा. खाणं म्हणजे तोललेला भात, भोपळा, दोडका, साबुदाणा, साखर, तेल. आणि दर आठवड्याला बोट टोचून एका जाड कागदावर रक्ताचे थेंब, कागद सुकला की पोस्टानं नागपूरला. आकडा मोबाइलवर यायचा. तो खाली आला की पोराचं डोकं वाचलं, वर गेला की नाही, इतकं सरळ होतं.

अंगणवाडीच्या पुनमताई रोजचं अंडं घेऊन यायच्या. पोटुशीनं ते त्यांच्यासमोर खावं असा नियम. रंजीतानं डॉक्टरांचा कागद दाखवला. पुनमताईंनी तो दोनदा वाचला आणि अंडं कुलूच्या हातावर ठेवलं. त्याच्या रक्ताला अंड्याचं वावडं नव्हतं. ज्या अंड्यानं पोटात असताना त्याचं वाटोळं केलं, ते आता तो मिटक्या मारत खायचा.

पहिले दोन कागद चांगले आले. आकडा उतरत होता. प्रफुल्लनं गोंडपिपरीहून पेढे आणले आणि मग त्याच्या लक्षात आलं की पेढे दुधाचे असतात. त्या दिवशी आम्ही तिघंही हसलो.

मग उलट्या सुरू झाल्या. पावडर पोटात ठरेना. आणि आकडा चढला. रंजीतानं भात कमी केला. पुढचा आकडा आणखी चढला. तिनं भात अर्ध्यावर आणला. मी म्हटलं, "पोरी, जरा खाय. पोटातलं का हवा खाऊन वाढून राह्यलं?" तर माझ्याकडे अशी बघायची, जणू मी तिला विष खा म्हणत होते.

एक दिवस राखेच्या ढिगात तिला अंड्याची टरफलं दिसली. माझ्या कोंबडीची अंडी मी कुलूला उकडून देत होते, त्यांची. ती टरफलं ओंजळीत घेऊन ती चुलीपाशी आली. प्रफुल्ल नुकताच मिलमधून आला होता.

"आई, काय घालून राह्यल्या तुम्ही माझ्या भाजीत?"

"मी? मी काऊन घालीन वो?"

"मंग आकडा काऊन वाढून राह्यला? मी काईच खात नाई. घरात चुलीपाशी दुसरं कोन हाय? तुमाले वाटते मी लेकरू उपाशी मारतो. वाटते का नाई?"

वाटत होतं. ते काही मी लपवलं नाही. पण वाटणं वेगळं आणि करणं वेगळं. पदराखाली उकडलेलं अंडं घेऊन मी एकदा तिच्या दारापर्यंत गेले होते, हेही खरं. तिथूनच परत फिरले. पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"बाबासाहेबाची आन," मी म्हटलं. "कुलूच्या डोक्यावर हात ठिऊन सांगतो, तुया जेवनात मी मिठाशिवाय काई घातलं नाई."

रंजीता हसली. तसं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. "त्या डोक्याची आन घेता? तेच तं वाढलं नाई."

माझा हात कुलूच्या डोक्यावर तसाच राहिला. मी प्रफुल्लकडे बघितलं. हा माझा पोटचा पोर, नऊ महिने मी याला वागवलं, हा तरी काही बोलेल असं वाटलं.

तो म्हणाला, "आई, खरं सांगून दे. कोनी रागावणार नाई."

त्या दिवशी आमची चूल वेगळी झाली. एकाच घरात, एकाच छपराखाली. रंजीतानं गॅस पडवीत नेला, काटा नेला, तेल-मिठाचे डबे नेले. माझ्याकडे मातीची चूल राहिली आणि कुलू. मी तिच्या पडवीच्या उंबऱ्यावरही पाय ठेवला नाही. मलाही मान आहे. मी ठरवलं, मरो, मला काय. आणि दिवसभर कान पडवीकडे लावून बसायची. कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही. पातेल्यात पळी फिरल्याचा आवाज यायचा नाही. काटा मात्र सारखा खाली-वर ठेवल्याचा आवाज यायचा.

नळावर ती पाण्याला वाकली की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. चौथा महिना लागला तरी पोट दिसेना, गळ्याची हाडं दिसायला लागली. बाया मला विचारायच्या, काय वो, सून काय उपास करते का? मी म्हणायचे, तिलाच विचारा. आयुष्यभर गावाला जेवू घातलं आणि माझ्या घरात माझी सून माझ्या डोळ्यांदेखत वाळत होती, आणि मी जवळ गेले तर ती ताटावर हात धरत होती.

एका दुपारी पडवीत काहीतरी पडलं. भांडं वाटलं. मग कुलू ओरडायला लागला, त्याला बोलता येत नाही पण ओरडता येतं. मी मान गुंडाळून ठेवला आणि धावले. रंजीता जमिनीवर आडवी होती, ओठ पांढरे पडलेले. काट्यावर वाटी, वाटीत बोटभर भात. बाजूला पावडरचा पेला पूर्ण भरलेला होता. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं. तिनं डोळे उघडले आणि मला पाहून पुन्हा मिटून घेतले.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. काचेवर दीपिका मॅडमचं तोंड दिसत होतं. मला वाचता येत नाही, पण हिरवं बटण कळतं.

मी मॅडमला बोलूच दिलं नाही. "तुमी माया सुनेले मारून राह्यल्या! काटा देल्ला, कागद देल्ला, अन् पोरगी पाहा तुमची, मेल्यावानी पडली हाय! आता आकडा कमी झाला का नाई? सांगा न!"

"आजी, आकडा सगळ्यात जास्त आलाय. त्यासाठीच फोन केला," मॅडम म्हणाल्या. "मोबाइल तिच्याकडे वळवा बरं. हात दाखवा तिचे."

मी दाखवले. मॅडमनी ते नीट पाहिले. मग विचारलं, काय खाते ती? मी सांगितलं. चूल वेगळी झाल्यापासून मूठभरही नाही, आणि पावडर उलटून पडते.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "रंजीता, ऐकू येतंय का तुला? मी रोज काय खाल्लं ते विचारायची, तू म्हणायचीस सगळं सांगितल्याप्रमाणे. मीही तुला डोळ्यांनी बघायला हवं होतं."

मग त्यांनी सांगितलं. पोटात पुरेसं अन्न गेलं नाही की अंग स्वतःलाच खायला लागतं. दंडाचं मांस, मांडीचं मांस वितळतं आणि रक्तात येतं. तेही मांसच. त्यातही तोच घटक. रंजीता भात कमी करत होती तसतशी आतून स्वतःचं मांस खात होती आणि आकडा चढत होता. आकडा चढला की घाबरून भात आणखी कमी करत होती.

"तिच्या जेवणात कोणीच काही घातलं नव्हतं?" मी विचारलं. मला ते कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

"नाही आजी. कोणी काही घातलं असतं, साखरपाणी जरी, तरी आज ती अशी नसती."

रंजीता माझ्या मांडीवर तशीच पडून होती. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं.

"म्हंजे मीच," ती म्हणाली. "आई, ह्या टायमालेही मीच केलं."

पहिल्या वेळी माझा हात होता, या वेळी तिचा. दोघींनीही पोरासाठीच केलं. मला तिला असं काही सांगायचं होतं, पण ते माझ्या तोंडातून नीट आलं असतं असं वाटत नाही. मी म्हटलं, "चूप. कोनं केलं ते मंग पाहू. आदी तोंड उघड."

दीपिका मॅडमनी विचारलं, घरात काय आहे? साबुदाणा भिजवलेला नव्हता. तिखूर होतं. आष्टीच्या बाजारात एटापल्लीकडच्या बाया जंगलातल्या कंदाचं हे पांढरं पीठ विकायला आणतात, शहरात त्यालाच तवकीर म्हणतात. मॅडम खूश झाल्या. त्यात प्रोटीन नावालाच. दूध न घालता पाण्यात शिजवा, साखर घाला, वरून तूप सोडा, तूप दुधाचं असलं तरी त्यात प्रोटीन उरत नाही. तासातासाला द्या, आणि पावडर एकदम नाही, चमच्या-चमच्यानं दिवसभर. उलटी थांबायचं औषध डॉक्टर आजच कळवतील.

"अन् मापाचं किती?" मी विचारलं.

"तिखुराला माप नाही आजी. हवं तेवढं द्या."

हे ऐकायला माझे कान किती महिने आतुर झाले होते! मी गॅस पेटवला. पळी फिरवता फिरवता पीठ पांढऱ्याचं काचेसारखं झालं. वाटीभर काढलं, फुंकर मारली, चमचा तिच्या ओठांशी नेला. तिनं दात आवळले.

"खाय पोरी. मॅडमनं सांगतलं न."

"मापा, आई."

"त्याले माप नाई म्हन्ते."

"मापल्याशिवाय गिळता नाई येत मले." ती रडत होती. "गळाच बंद होते. मापा न, आई."

मी काट्याकडे बघितलं. या काट्याला मी मनातल्या मनात किती वेळा विहिरीत टाकलं होतं. आता त्याची गरज नाही असं खुद्द मॅडमनी सांगितलं होतं. मी वाटी उचलून काट्यावर ठेवली. आकडे मला वाचता येत नाहीत, म्हणून मोबाइल त्यावर धरला. नागपुरातून मॅडमनी आकडा मोठ्यानं वाचला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे रंजीता. अगदी बरोबर आहे. खा."

तिनं तोंड उघडलं. मी चमचा भरवला, हनुवटी न धरता. कुलूही शेजारी येऊन पिल्लासारखा आ करून बसला, तेव्हा एक चमचा तिला, एक त्याला, असं चाललं. संध्याकाळी प्रफुल्ल आला आणि दारातच उभा राहिला. मी म्हटलं, "उभा काऊन राह्यला? आईले खरं विचारून झालं असेन तं गॅस आत आन."

त्यानंतर मी प्रत्येक वाटी तोलली. तोलायची नसलेलीही. आकडा उतरला, मग आणखी उतरला, मग मॅडमना हवा तिथं आला. बांगड्या मनगटावर परतल्या. पण मॅडम खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मधले आठवडे गेले ते गेले, त्यांनी काय केलं ते आज कोणीच सांगू शकत नाही. चंद्रपूरच्या सोनोग्राफीत डॉक्टरनं हृदय ठीक आहे म्हटलं. डोक्याचं माप घेतलं, पुन्हा घेतलं. म्हणाला, मापात आहे, पण खालच्या कडेला. पुढच्या महिन्यात परत या.

आता सातवा लागला आहे. काल दुपारी रंजीता माझं जुनं लुगडं पेटीतून काढून घेऊन आली.

"टोपडं शिवा, आई."

"बाळ येऊ दे. मंग शिवू," मी म्हटलं.

"काऊन? अपशकुन मानता का आता?"

अपशकुन मी मानत नाही. मी मापाला भीत होते. शिवायचंच तर या वेळी जरा लहान बेतावं, म्हणजे नाकावर उतरणार नाही, कोणी हसणार नाही, असं माझ्या मनात केव्हापासून होतं. ते मी तिला सांगितलं नाही. लुगडं पसरलं, घडी घातली आणि कोळशाच्या तुकड्यानं अंदाजानं कडेकडेनं खूण करायला लागले. ती बघत होती. तिला सगळं कळतं.

ती उठून आत गेली आणि कुलूचं जुनं टोपडं घेऊन आली. मी ते टाकून दिलं असं तिला सांगितलं होतं, ते तिला कुठं सापडलं देव जाणे. तिनं ते माझ्या कापडावर ठेवलं, हातानं सपाट केलं आणि माझी खूण पुसून टाकली.

"याच मापाचं," ती म्हणाली. "बोटभरही कमी नको."

मी जुन्या टोपड्याच्या काठानं कात्री फिरवली आणि शिलाईसाठी दोन बोटं कापड जास्तच सोडलं.